कर्ज फेडताय ना? मग या चुका टाळा, आणि सगळ्यात आधी घाई टाळा

नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामगारांची पतसंस्था आहे, तिथं कर्जाचं टेबल माझ्याकडे आहे, बरीच वर्षं झाली आता. दीर्घ मुदत कर्ज, आकस्मिक कर्ज, जामीनदारांच्या सह्या, पगारातून कपात, सगळं माझ्या हाताखालून जातं. त्यामुळे कोणाचा पगार किती यापेक्षा कोण कुठं अडकलंय हेच जास्त डोळ्यासमोर असतं. उधळपट्टी करून अडकलेले लोक मी बघितलेत, पण ते थोडे. जास्त करून चांगली संसारी माणसं अडकतात, ज्यांना व्यसन नाही, शौक नाही, आणि ती कर्ज फेडायच्या नादात अडकतात. एक कर्ज फेडायला जातात आणि वर्षाच्या आत त्याहून महागडं कर्ज घेऊन परत माझ्या टेबलासमोर बसलेली असतात. तेच तेच बघून जीव तुटतो म्हणून हे लिहितोय.

सगळा पैसा एका दमात कर्जात ओतणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती करणारा माणूस खूप शहाणपणाचं काम केल्याच्या आनंदात असतो म्हणून त्याला अडवताही येत नाही.

आमच्या एका सभासदाची गोष्ट सांगतो. सुपरवायझर, पगार हातात बेचाळीस हजाराच्या आसपास, बायको घरी शिवणकाम करते, दोन मुलं शाळेत, आईवडील सोबत. होमलोन होतं, सात लाखाच्या आत राहिलेलं. यूट्यूबवर काहीतरी बघितलं आणि डोक्यात बसलं की यंदा कर्जमुक्त व्हायचंच. दिवाळीचा बोनस आला, घरात अडीअडचणीला ठेवलेली एफडी होती ती मोडली, सगळे मिळून अडीच लाख रुपये बँकेत जाऊन होमलोनला भरून आला. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ ठीक होतं. पण आईवडिलांची वेगळी मेडिक्लेम पॉलिसी होती, कारण कंपनीच्या पॉलिसीत फक्त तो, बायको आणि मुलं बसतात, तिचा हप्ता जानेवारीत यायचा तर तो भरलाच नाही. म्हणाला, चार वर्षं भरतोय, एकदाही उपयोग झाला नाही, तेवढाच कर्जाला लावतो.

मार्चमध्ये वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. रात्रीची वेळ, जवळचं हॉस्पिटल गाठलं, अँजिओग्राफी, लगेच अँजिओप्लास्टी. त्या वेळी कोण विचार करतो, करूच नये. बिल अडीच लाखाच्या वर गेलं आणि घरात तेव्हा रोख जेमतेम महिन्याच्या किराण्यापुरती. मग काय, एक लाख क्रेडिट कार्डावर, चाळीस हजार मोबाईलवरच्या लोन ॲपमधून, बायकोच्या पाटल्या गोल्ड लोनला, उरलेलं आमच्याकडून आकस्मिक कर्ज. एका आठवड्यात चार नवी कर्जं.

आता हिशेब बघा, कारण हिशेब कोणी करतच नाही. होमलोनचा दर ८.७ टक्के होता, म्हणजे अडीच लाख भरून त्याचं वर्षाला साधारण २१,७५० रुपये व्याज वाचलं. आणि क्रेडिट कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के. एक लाखावर महिन्याचं व्याज ३,५०० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ६३०, झाले ४,१३०. मुद्दल तसंच राहिलं तर सहा महिन्यांत जवळपास पंचवीस हजार. म्हणजे वर्षभराची बचत त्या एका कार्डानं सहा महिन्यांत खाल्ली, ॲपचं आणि सोन्याचं व्याज तर अजून धरलंच नाही. आणि होमलोनला भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. काही बँकांत ओव्हरड्राफ्टवालं, म्हणजे चालू खात्यासारखं होमलोन असतं त्यात जादा भरलेले काढता येतात, पण साध्या होमलोनमध्ये गेलेला पैसा गेला. वर त्याचा दर महिन्याचा हप्ताही एक रुपयानं कमी झाला नव्हता, कारण जादा पैसे भरले की बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. कागदावर कर्ज कमी झालं, घरात महिन्याची ओढाताण होती तशीच.

पॉलिसीचं तर त्याहून वाईट. वार्षिक हप्ता चुकला तर साधारण तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात भरला की पॉलिसीची सलगता टिकते. ती मुदतही गेली की सगळं नव्यानं, आणि हृदयाचं दुखणं झालेल्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाला नवी पॉलिसी मिळालीच तरी जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड लागू शकतो, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा खर्च मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, आधी १८ टक्के होता, म्हणजे आता तर बंद करायला कारणच नाही.

हे वाचून कोणी म्हणेल मग जादा भरायचंच नाही का. भरा, जरूर भरा. पण आधी घरखर्च आणि हप्ते मिळून निदान तीन महिन्यांचे पैसे बाजूला असू द्या, घरात साठीच्या वरचं माणूस असेल तर सहा महिन्यांचे. ते पैसे मी स्वतः वेगळ्या बँकेत ठेवतो, त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलेलं नाही आणि ते खातं मोबाईलच्या यूपीआयला जोडलेलंही नाही, काढायचे तर बँकेत जावं लागतं. लोक म्हणतात अडीच-तीन टक्क्यांवर पैसा कशाला सडवता. पण दवाखान्याचं मोठं बिल अचानक समोर येतं तेव्हा तोच पैसा आपल्याला छत्तीस टक्क्यांच्या कर्जापासून वाचवतो, हे मी माझ्या टेबलावर इतक्यांदा बघितलंय की यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

होमलोनला वर्षातून एक हप्ता जादा, बस. तीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं असं कर्ज असेल तर हप्ता साधारण २६ हजार येतो, आणि पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० नुसत्या व्याजाला जातात, मुद्दलाला पाच हजारसुद्धा नाहीत. पण पहिल्यापासून दरवर्षी एक हप्ता जादा भरत गेलात तर हेच कर्ज तीन वर्षांहून जास्त लवकर संपतं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या होमलोनला जादा भरलं म्हणून बँक दंड लावू शकत नाही. एवढं पुरतं. दोन वर्षांत वीस वर्षांचं कर्ज संपवायच्या गोष्टी जे सांगतात त्यांच्या घरात म्हातारे आईवडील आहेत का हे आधी विचारा.

आणि दवाखान्याचं एक सांगायचं राहिलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, हिच्यात आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, पूर्वी दीड लाख होतं. अँजिओप्लास्टी त्यात बसते. रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही असो, चौकशी करा. पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत असायला लागतं, तिथं आरोग्यमित्र बसलेला असतो तो कागद बघतो. सत्तरीच्या पुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, ऑक्टोबर २०२४ पासून, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि ट्रस्टची मोठी हॉस्पिटलं आपल्या राज्यात दहा टक्के खाटा गरीब रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देतात, कायद्यानंच बांधलेली आहेत. आमच्या त्या सभासदाला हे बिल भरून झाल्यावर कळलं. आपल्या घरापासून जवळचं यादीतलं हॉस्पिटल कोणतं ते आजच बघून कागदावर लिहा आणि फ्रीजवर लावा. आमच्या घरी लावलेलं आहे.

औषधात काटकसर

यावर मी चिडून बोलतो, माफ करा.

पॅकिंगमध्ये एक ताई आहेत, शुगर आहे, घरावर पतसंस्थेचं कर्ज आणि मुलीच्या लग्नाचं हातउसनं. त्यांनी काय केलं, गोळी एक दिवसाआड घ्यायला लागल्या. कोणाला सांगितलं नाही. घरात नवऱ्याला वाटतंय बाई नियमानं गोळ्या घेतेय, डॉक्टरकडे तर गेल्याच नाहीत कारण डॉक्टर तपासण्या लिहून देतात. पायाला चप्पल चावली, जखम झाली, ती भरेना. शेवटी ॲडमिट, महिनाभर बिनपगारी रजा, आणि पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापायचा तर पगारच नाही. मग जामीनदारांच्या पगारातून कपात सुरू झाली आणि ज्या दोन मैत्रिणींनी सह्या केल्या होत्या त्यांच्याशी संबंध बिघडले. महिन्याचे चार-पाचशे रुपये वाचवायला हे सगळं.

बीपी आणि शुगरची गोळी हा खर्च कर्जाच्या हप्त्याच्या आधी येतो. आधी. कारण हप्ता भरणारं शरीर तेच आहे. बीपीची गोळी मनानं बंद केली तर महिना दोन महिने काहीच जाणवत नाही, त्यामुळे वाटतं गरजच नव्हती, आणि मग एक दिवस थेट पॅरालिसिस नाहीतर किडनी.

स्वस्तात करायचंच तर ते असं करा. जनऔषधी केंद्रात जा, बऱ्याचशा गोळ्या ब्रँडेडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त मिळतात, डॉक्टरांना सांगा की गोळीचं मूळ नाव लिहून द्या. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, बीपी-शुगरच्या गोळ्या तिथं मिळतात, रांगेत उभं राहायची लाज वाटून घेऊ नका. मात्र डोस कमी करणं, तपासणी पुढं ढकलणं, दाताची किड तशीच ठेवणं, चष्म्याचा नंबर वाढलाय तरी जुनाच वापरणं, याला बचत म्हणू नका, हे सगळं पुढं व्याजासकट भरावं लागतं.

ओव्हरटाइमचंही तसंच. दोन-तीन महिने डबल ड्युटी करून एखादं छोटं कर्ज संपवलं तर ठीक. पण वर्षानुवर्षं नाईट करून सकाळी रिक्षा चालवणारे मला माहीत आहेत, चाळिशीत साठीचे दिसतात, मुलं त्यांच्याशी बोलत नाहीत कारण ते घरी असतात तेव्हा झोपलेले असतात. हप्ता थोडा कमी करून मुदत वर्षभरानं वाढवून घ्या, व्याज थोडं जास्त जाईल, जाऊ द्या. रात्रीची झोप आणि पोरांसोबतचा एक रविवार त्यापेक्षा जास्त मोलाचा आहे असं मला मनापासून वाटतं.

जून महिना

दरवर्षी मे संपत आला की आकस्मिक कर्जाच्या अर्जांची थप्पी येते. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म, रेनकोट. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, मग दिवाळी, मग गाडीचा विमा, एलआयसीचा वार्षिक हप्ता, घरपट्टी. या सगळ्या तारखा जानेवारीतच माहीत असतात, तरी प्रत्येक वेळी अचानक आल्यासारखं कर्ज काढलं जातं. लोक बजेट करतात ते महिन्याचं करतात, त्यात वर्षातून एकदा येणारा खर्च धरलेलाच नसतो, मग बजेट चार महिने चालतं आणि पाचव्याला कोसळतं आणि माणूस म्हणतो आपल्याला हे जमत नाही.

माझी सवय सांगतो. कालनिर्णय आणलं की पहिल्या रविवारी आम्ही दोघं बसतो आणि असे सगळे खर्च त्या त्या तारखेवर लाल पेनानं लिहितो. बेरीज करतो, बाराने भागतो, जी रक्कम येईल तेवढी दर महिन्याला बँकेच्या रिकरिंग खात्यात टाकतो. समजा बेरीज साठ हजार आली तर महिन्याला पाच हजार. मोठी वाटते रक्कम, पण ती तुम्ही एरवीही भरताच, फक्त वर व्याज देऊन भरता. सुरुवातीला पाच जमत नसतील तर दोन टाका, जूनपुरतं तरी होईल.

मिनिमम ड्यू

क्रेडिट कार्डाचं बिल आलं, ८०,००० येणं, मिनिमम ड्यू म्हणजे निदान भरायचे ४,०००, चार भरले आणि वाटलं हप्ता गेला. त्या चारमधले २,८०० व्याज, ५०४ जीएसटी, मुद्दलातून कमी झाले सातशेच्या आत. आणि बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात, म्हणजे आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासून व्याज. एवढं साधं गणित आहे पण बँकेचा मेसेज वाचून लोकांना वाटतं चार हजार भरले की झालं. कार्ड कपाटात ठेवा, आणि बँकेला फोन करून सगळं येणं ईएमआयमध्ये बदलून मागा, दर बराच खाली येतो. सगळ्यात आधी फेडायचं कर्ज हेच. मी नेहमी व्याजाच्या दरानं क्रम लावतो, ज्याचा दर जास्त ते आधी, फक्त फ्रीज-मोबाईलचे दोन-तीन हप्तेच उरले असतील तर ते आधी उरकायला सांगतो कारण तेवढा महिन्याचा पैसा मोकळा होतो आणि माणसाला हुरूप येतो.

घरात न सांगणं

नवरा बायकोला सांगत नाही, बायको बचत गटाचं आणि भिशीचं सांगत नाही, दोघं मिळून मुलांना काहीच सांगत नाहीत आणि मुलं नवा फोन मागतात, नाही म्हटलं की घरात आदळआपट. वसुलीचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचं. या लपवाछपवीनं जो ताण येतो तो रकमेपेक्षा मोठा असतो. माझ्याकडे जोडपं एकत्र आलं की मी अर्ध्या तासात कागदावर काहीतरी मार्ग काढून देऊ शकतो, एकटा आला की तो निम्मं लपवतो, माझ्यापासूनही. सगळी कर्जं एका कागदावर लिहा, कोणाचं, किती, दर काय, कधी संपणार, आणि तो कागद दोघांनी बघा. दहावी-बारावीतल्या मुलांनाही सांगा, ती समजून घेतात, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त. नातेवाइकांकडचं हातउसनं पण त्या कागदावर आलं पाहिजे, व्याज नाही म्हणून ते कर्ज नाही असं नसतं, लग्नकार्यात चारचौघांत कोणीतरी त्याची आठवण काढतंच.

वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, शेजाऱ्यांना, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं तर अजिबात चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला पैसे लागत नाहीत.

थोडक्यात उरलेल्या

कर्ज फेडायला कर्ज. पाच छोटी महागडी कर्जं बंद करून एक स्वस्त कर्ज घेणं चांगलंच, पण ती पाच खरंच बंद करा, कार्डं रद्द करा. मी बघितलेल्या बहुतेक जणांनी ती चालूच ठेवलेली असतात आणि वर्षभरात त्यांच्यावर परत कर्ज चढलेलं असतं.

पगार सातला आणि हप्ता पाचला. तारीख बदलून मागा, बहुतेक बँका देतात. बाउन्स झाला की दोन्हीकडून चार्ज लागतो.

मंगळवारी कर्ज फेडलं की लवकर फिटतं अशी श्रद्धा आपल्याकडे आहे, तिचा मला आदर आहे, पण ड्यू डेट शनिवारी असेल तर आधीच्या मंगळवारी भरा, पुढच्याची वाट बघू नका.

जामीन राहणं. आपलं कर्ज चालू असताना दुसऱ्याला सही देऊ नका, सख्खा मित्र असला तरी. त्याचं थकलं की तुमच्या पगारातून कापताना मलाच वाईट वाटतं.

सेटलमेंट. अर्ध्यात मिटवतो म्हणून एजंट मागे लागतात. सिबिल, म्हणजे सगळ्यांच्या कर्जाची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या रिपोर्टमध्ये मग 'क्लोज्ड'च्या जागी 'सेटल्ड' लागतं आणि पुढं मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की ते आडवं येतं. अगदीच इलाज नसेल तरच. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून बघत जा.

होमलोनची मुदत न बघणं. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली, पंधरा वर्षांची वीस झाली, घरात कोणाला पत्ता नाही. २०२५ मध्ये दर उतरून ५.२५ वर आला, तो तुमच्यापर्यंत पोचला का हे बँकेत जाऊन विचारा. कर्ज जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतः ठरवते त्या दरावर असेल तर थोडी फी भरून रेपोला जोडून घ्या.

आणि शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपलं असं समजणारे. नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, घराचे मूळ कागद ताब्यात घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत ते द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई द्यायची असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. गहाणखताची नोंद असेल तर ती सबरजिस्ट्रार ऑफिसातून आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवला असेल तर तलाठी किंवा सिटी सर्व्हे ऑफिसातून कमी करून घ्या. हे शेवटचं काम बरेच जण ठेवून देतात आणि दहा वर्षांनी घर विकायला काढलं की त्यासाठी चकरा मारतात, त्यामुळे ज्या आठवड्यात हप्ता संपेल त्याच आठवड्यात एक दिवस रजा टाका आणि ते उरकून घ्या.